समुद्र बुडाला, डोंगर उभा राहिला!

तुमच्या घरी किंवा शेजारी ग्रॅनाइटचा ओटा असेल, तर आज एक काम करा. ओटा कोरडा पुसा, बॅटरीचा उजेड त्यावर तिरपा पाडा आणि भिंगातून दगड नीट पाहा. भिंग नसलं तरी चालेल, ठिपके डोळ्यांनाही दिसतात. मात्र ओटा गुलाबी किंवा करड्या ठिपक्यांचा हवा. कारण दुकानात कुठल्याही कठीण, चकचकीत दगडाला सर्रास ‘ग्रॅनाइट’ म्हणतात. काळाकुट्ट ‘ग्रॅनाइट’ बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच! तो असतो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टचा भाऊबंद.

खऱ्या ग्रॅनाइटमध्ये तुम्हांला तीन गोष्टी सापडतील. काचेच्या तुकड्यासारखे धुरकट दाणे, म्हणजे गारगोटीचं खनिज, क्वार्ट्झ. दुधी किंवा गुलाबी चौकोनी ठिपके, ते फेल्डस्पार. आणि मध्येच चमचम करणारे काळे पापुद्रे, ते अभ्रक. हे दाणे एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की त्यांच्यामध्ये सुई घालायलाही जागा नसते.

दाणे एवढे मोठे का बरं? उत्तर सोपं आहे. खडीसाखर करताना पाक सावकाश निवू देतात, तेव्हा मोठे खडे होतात. घाईघाईनं घोटला तर बारीक भुगा होतो. दगडांचंही तसंच. आपला बेसाल्ट जमिनीवर वाहिला, लवकर थंड झाला आणि त्याचे दाणे बारीकच राहिले. ग्रॅनाइट मात्र जमिनीखाली काही किलोमीटर खोल, वरच्या खडकांच्या जाड पांघरुणात हजारो वर्षं हळूहळू थंड होत गेला. म्हणून त्याचे दाणे टपोरे.

सोन्याची खाण सापडली की काय?

ही गोष्ट आज सोपी वाटते, पण अडीचशे वर्षांपूर्वी तिच्यावरून विद्वानांत कडाक्याचं भांडण होतं. बरेच जण म्हणायचे, ग्रॅनाइट हा आदिकाळच्या समुद्राच्या पाण्यातून साका बसावा तसा तयार झाला. स्कॉटलंडमधल्या जेम्स हटनला हे पटत नव्हतं. ग्रॅनाइट वितळलेल्या रसातून झाला असावा, असं त्याचं म्हणणं. पण पुरावा?

१७८५ साली तो ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला. तिथं नदीच्या पात्रात त्याला दिसलं की लालसर ग्रॅनाइटच्या शिरा काळपट जुन्या खडकात घुसल्या आहेत, त्याला फोडून आरपार गेल्या आहेत. घन दगड असा घुसेल का? जो घुसला तो पातळच असणार! हटनला इतका आनंद झाला की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं, या गृहस्थाला सोन्याची नाहीतर चांदीची शीर सापडली असावी. त्याचा मित्र जॉन प्लेफेअर यानं ही हकिगत लिहून ठेवली आहे.

म्हणजे ग्रॅनाइट हा थिजलेला शिलारस, हे कळलं. पण एवढा शिलारस आला कुठून? याचं उत्तर शोधायला आता आपण थेट लडाखला जाऊ या.

दोन बाजूंचे दोन डोंगर

लेह शहराच्या जवळून सिंधू नदी वाहते. नदीकाठी उभं राहून उत्तरेकडे पाहिलं, तर करड्या-पिवळसर रंगाची उघडीबोडकी लडाख रांग दिसते. खारदुंग ला ही प्रसिद्ध खिंड याच रांगेत, ५,३०० मीटरांहून उंचावर आहे. ही रांग जवळजवळ सगळी ग्रॅनाइट आणि त्याच्या सख्ख्या भावंडांची, म्हणजे तशाच टपोऱ्या दाण्यांच्या खडकांची बनलेली आहे. आता दक्षिणेकडे वळा. तिकडचे डोंगर वेगळेच! जांभळे, हिरवट, तपकिरी थर, तेही तिरपे उभे राहिलेले. ते गाळाचे खडक आहेत.

उत्तरेच्या ग्रॅनाइटच्या अजस्र पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘लडाख बाथोलिथ’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘बाथोस’ म्हणजे खोली आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. खोलातला दगड तो बाथोलिथ. उघडा पडलेला भाग १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठा असेल तरच हे नाव देतात. लडाखचा बाथोलिथ तर सुमारे ६०० किलोमीटर लांब आहे! आणि तोही एकटा नाही. पश्चिमेला पाकिस्तानातल्या कोहिस्तानपासून पूर्वेला तिबेटपर्यंत अशा बाथोलिथांची माळच आहे, सुमारे २,५०० किलोमीटरांची.

आता गंमत पाहा. पूर्व लडाखमध्ये निडर गावाच्या परिसरात उशा एकावर एक रचाव्यात तसे दिसणारे लाव्हाचे गोळे आहेत. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला तरच असा आकार येतो. म्हणजे हा समुद्रतळाचा तुकडा. आणि तो आज आहे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, चार हजार मीटरांहून उंचावर!

इथं एके काळी खराखुरा समुद्र होता. त्याचं नाव टेथिस. हे नाव ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी १८९३ साली दिलं. ‘बाथोलिथ’ हा शब्दही त्यांचाच. समुद्राला आणि डोंगराला नाव देणारा माणूस एकच. या समुद्राचा आणि या डोंगराचा संबंध किती जवळचा आहे, हे मात्र पुढे कळलं.

समुद्राचा तळ निघाला पाताळात

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं. दहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट दक्षिण गोलार्धात होता आणि उत्तरेकडे निघाला होता. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता.

भारत पुढे सरकणार तर मधल्या समुद्रानं जायचं कुठं? त्याचा तळ आशियाच्या दक्षिण काठाजवळ वाकला आणि खाली घसरू लागला. समुद्राचा तळ जड बेसाल्टचा असतो, जुना झाला की गार होऊन आणखी जड होतो. तो बुडतो. जिथं दोन भूपट्ट असे एकमेकांकडे येतात आणि एक दुसऱ्याखाली जातो, तिथंच बाथोलिथ जन्माला येतात.

तुम्ही म्हणाल, कळलं! खाली गेलेला दगड पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं वितळला आणि त्याचा ग्रॅनाइट झाला. थांबा, एवढं सरळ नाही बरं का! बुडणारा भूपट्ट आजूबाजूच्या खडकांपेक्षा गार असतो. तो सहसा वितळत नाही. मग वितळतं काय? इथं खरा नायक येतो. तो आहे पाणी!

लाखो वर्षं समुद्राखाली राहिलेल्या त्या खडकात पाणी मुरलेलं असतं. नुसतं फटींत साठलेलं नव्हे, तर खनिजांच्या घडणीतच अडकलेलं. भूपट्ट शंभरेक किलोमीटर खोल गेला की दाबानं आणि उष्णतेनं ही खनिजं मोडतात आणि पाणी सुटतं. ते वरच्या खडकात, म्हणजे प्रावरणात शिरतं. आणि तो तापलेला, पण आतापर्यंत घन असलेला खडक पाझरू लागतो.

पाण्यानं दगड कसा काय वितळेल? हाताने फिरवायच्या पॉटमधलं आइस्क्रीम आठवा. बर्फात आपण खडे मीठ टाकतो. मीठ काही गरम नसतं, तरी बर्फ भराभर वितळतो. कारण मिठामुळे बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. तसाच पाण्यामुळे प्रावरणातल्या खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, थोडाथोडका नव्हे, काहीशे अंशांनी. तिथलं तापमान वाढलं नाही, तरी खडक वितळतो.

अर्धवट गोठलेलं सरबत

पण या वितळण्यातून ग्रॅनाइटचा रस मिळत नाही! मिळतो तो बेसाल्टसारखा काळा, लोह आणि मॅग्नेशियम भरपूर असलेला रस. त्याचा ग्रॅनाइट कसा होतो, हे आता पाहू.

यासाठी एक प्रयोग करा. गडद रंगाचं, खूप गोड सरबत फ्रीजरमध्ये ठेवा आणि अर्धवट गोठलं की बाहेर काढा. बर्फ चाखा, मग उरलेलं पाणी चाखा. बर्फ फिका आणि बेचव लागेल, उरलेलं सरबत आधीपेक्षा जास्त गोड. गोठताना पाणी आधी बाजूला झालं आणि साखर उरलेल्या रसात एकवटली.

शिलारसाचंही असंच होतं. जमिनीखाली पंचवीस-तीस किलोमीटरांवर तो साचतो आणि निवू लागतो. लोह-मॅग्नेशियमची जड खनिजं आधी गोठतात आणि खाली राहतात. उरलेल्या रसात सिलिका, सोडियम, पोटॅशियम आणि पाणी यांचं प्रमाण वाढत जातं. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे ५० टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते. कोणतं खनिज आधी गोठतं आणि कोणतं मागून, हे नॉर्मन बोवेन या शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत छोट्या भट्ट्यांमध्ये खडकांची पूड वितळवून शोधून काढलं. १९२८ साली त्याचं पुस्तक आलं आणि ते जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी अभ्यासलं.

शिवाय वाटेत आणखी एक गोष्ट घडते. खालून सतत येणारा गरम रस भोवतालच्या जुन्या कवचालाही तापवतो आणि त्यातला काही भाग वितळवतो. हे दोन्ही रस एकमेकांत मिसळतात. ताकात पिठाच्या गुठळ्या राहाव्यात तशा काळ्या गुठळ्या लडाखच्या करड्या ग्रॅनाइटमध्ये जागोजागी दिसतात. खालून आलेला काळा रस त्यात पुरता मिसळायच्या आधीच थिजला, त्याच्या या खुणा!

हा हलका झालेला रस भेगांमधून वर चढतो. थोडा ज्वालामुखीतून बाहेर पडतो, पण बराचसा जमिनीखालीच अडकतो आणि थिजतो. म्हणून अशा किनाऱ्यावर वर ज्वालामुखींची रांग असते आणि तिच्या खाली, न दिसणारा, वाढत जाणारा बाथोलिथ असतो.

बाथोलिथ म्हणजे गोधडी!

एवढा मोठा डोंगर पाहिला की वाटतं, खाली कधीतरी शिलारसाचा शेकडो किलोमीटरांचा हौद असेल आणि तो एकदम थिजला असेल. पूर्वी अनेक शास्त्रज्ञांचीही समजूत साधारण अशीच होती. पण ग्रॅनाइटमध्ये एक चिमुकलं घड्याळ असतं. त्यानं ही समजूत मोडली.

या घड्याळाचं नाव झिरकॉन. वाळूच्या कणापेक्षाही लहान असा हा स्फटिक शिलारसात तयार होताना थोडं युरेनियम पोटात घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. मग युरेनियमचं ठरावीक गतीनं शिसं होत जातं. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा अर्धा भाग संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे आज झिरकॉनमध्ये युरेनियम किती आणि शिसं किती हे मोजलं की त्याचा जन्म केव्हाचा ते सांगता येतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अशाच एका बाथोलिथाचे भव्य कडे आहेत. तिथल्या ग्रॅनाइटच्या एकाच समूहातले झिरकॉन मोजले, तेव्हा २००४ साली असं दिसून आलं की तो समूह तयार व्हायला जवळजवळ १ कोटी वर्षं लागली. एकच हौद असता तर तो त्याच्या कितीतरी आधी थिजून गेला असता! म्हणजे रस थोडाथोडा आला, थिजला, पुन्हा नवा आला. आजीची गोधडी एका दिवसात होत नाही. एक तुकडा, मग दुसरा, मग तिसरा, असे जोडत जोडत ती मोठी होते. बाथोलिथ तसाच.

लडाखची गोधडी शिवायला तर सुमारे ५ कोटी वर्षं लागली. सर्वांत जुने तुकडे १० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत, तर बरेचसे ७ कोटी ते ५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले.

थांबा, हा काळ ओळखीचा वाटतो ना? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात लाव्हाचे पूर येत होते आणि सह्याद्रीचा काळा कातळ थरावर थर रचला जात होता. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. म्हणजे भारताच्या पाठीवर काळा बेसाल्ट ओतला जात होता आणि त्याच वेळी, हजारो किलोमीटर दूर, भारताच्या पुढचा समुद्र आशियाखाली बुडत होता आणि तिथं करडा ग्रॅनाइट थिजत होता. रायगडाचा कातळ आणि लेहचा डोंगर हे असे समवयस्क आहेत!

कारखाना बंद पडला

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपत आला आणि भारताची भूमी आशियाला येऊन भिडली. भूमीचं कवच हलकं असतं, ते समुद्रतळासारखं सहज बुडत नाही. ओला समुद्रतळ खाली जायचा थांबला, पाण्याचा पुरवठा आटला आणि पाण्याविना शिलारसाचा कारखानाही बंद पडला. लडाखच्या ज्वालामुखींची रांग विझली.

मग जमीन दबत, वाकत, उचलली जाऊ लागली. वारा, बर्फ आणि नद्यांनी वरचे ज्वालामुखी झिजवून टाकले. होडीतून माणसं उतरली की होडी वर येते ना? तसंच वरचं ओझं कमी होईल तसा खालचा ग्रॅनाइट वर येत गेला. याचा पुरावा कुठं आहे माहीत आहे? सिंधूच्या दक्षिणेच्या त्या जांभळ्या-हिरव्या थरांमध्ये! त्यांत ग्रॅनाइटचे गोल गोटे सापडतात. उत्तरेचा बाथोलिथ उघडा पडला, नद्यांनी त्याचे तुकडे वाहून आणले आणि गाळात पुरले, ते हे गोटे.

यानंतरही हिमालयात ग्रॅनाइट झाला, पण वेगळ्या रीतीनं. दोन भूमींच्या टकरीत कवच जाड झालं, आत तापलं आणि ते स्वतःच थोडंफार वितळलं. त्यातून आला पांढराशुभ्र ग्रॅनाइट. गंगोत्रीजवळच्या शिवलिंग शिखराचा माथा असा आहे. तो दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा, म्हणजे लडाखच्या मानानं अगदी धाकटा.

आपल्या पायाखाली

हे सगळं संपलेलं नाही, बरं का! दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पॅसिफिक महासागराचा तळ आजही आँडीज पर्वताखाली जातो आहे. तिथं ज्वालामुखी धुमसतात आणि बोलिव्हिया-चिलीच्या पठाराखाली सुमारे वीस किलोमीटरांवर अर्धवट वितळलेला खडक असल्याचं भूकंपलहरींच्या अभ्यासातून दिसलं आहे. त्याच शिलारसांतून निघालेल्या गरम पाण्यानं आँडीजच्या खडकांत तांबं साठवलं. चिली आज जगात सर्वांत जास्त तांबं काढतो. पंख्याला वीज पोचवणाऱ्या तारेमागेही बुडणाऱ्या समुद्राची अशी गोष्ट असू शकते!

पण त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ग्रॅनाइटसारखे खडक बेसाल्टपेक्षा हलके असतात. म्हणून त्यांचे खंड उंच तरंगतात आणि जड बेसाल्टचे समुद्रतळ खोल राहतात. आतापर्यंतच्या माहितीप्रमाणे एवढा ग्रॅनाइट आपल्या सूर्यमालेत दुसऱ्या कुठल्याच ग्रहावर सापडलेला नाही. पृथ्वीवर पाणी आहे, ते भूपट्टांबरोबर खाली जातं, म्हणून इथं ग्रॅनाइट झाला. पाणी नसतं तर उभं राहायला एवढी कोरडी जमीनही नसती! विचित्र वाटतं, पण खरं आहे.

महाराष्ट्रातही ग्रॅनाइट आहे, फक्त बहुतेक ठिकाणी तो बेसाल्टच्या चादरीखाली झाकलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधणविहीर खणली, तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला. कोयनेच्या परिसरात तोच सुमारे ९३० मीटरांवर लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र चादर संपते आणि ग्रॅनाइट उघडाच दिसतो. हे खडक लडाखपेक्षा कितीतरी जुने, शेकडो कोटी वर्षांचे आहेत.

त्या बाजूला कधी गेलात, किंवा हैदराबाद, हंपीला सहलीला गेलात, तर तिथल्या प्रचंड गोल शिळांजवळ थांबा. दाणे मोजा, काळ्या गुठळ्या शोधा. एखादी शीर दुसऱ्या खडकात घुसलेली दिसली, तर कोण आधीचा आणि कोण नंतरचा, हे तुमचं तुम्हीच ठरवा. हटननंही तेवढंच केलं होतं.